अकिहाबारा ते ताकाराझुका : ॲनिमे आणि गेमच्या माहेरी

शनिवार, अकिहाबारा

अकिहाबारा स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच रेडिओ काइकान ही इमारत उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या रेल्वेपुलाखाली रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांचा बाजार भरायचा, त्याची आठवण त्या नावात राहिली आहे. रेडिओमागून घरगुती विजेची उपकरणं आली, मग कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटर घ्यायला येणारी मुलं गेम खेळणारी आणि मांगा म्हणजे जपानी चित्रकथा वाचणारी होती, म्हणून त्यांच्या मागोमाग ती दुकानंही आली. आज त्या इमारतीत मजल्यामागून मजले बाहुल्या, पत्ते आणि मूर्तींनी भरलेत. पुलाखाली मात्र हातभर रुंदीची, वायरी आणि रेझिस्टर विकणारी काही दुकानं अजून तग धरून आहेत. अशाच एका दुकानातले आजोबा भाचीचं जपानी ऐकून खूश झाले आणि कुठून आलात म्हणून विचारू लागले. भाची पुण्यात जपानी शिकते, त्यामुळे या प्रवासात बोलायचं काम तिच्याकडे आणि पिशव्या उचलायचं माझ्याकडे, असं नागपूरहून निघतानाच ठरलं होतं.

मला जायचं होतं सुपर पोटॅटोमध्ये. हे जुन्या गेमचं दुकान आहे. अरुंद जिना चढून वर गेलं की फॅमिकॉम या जुन्या खेळयंत्राच्या कॅसेटींच्या भिंती सुरू होतात. निन्तेन्दोने १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. त्याची कॅसेट ६० पिनांची. अमेरिकेत दोन वर्षांनी हेच यंत्र गेलं ते करड्या रंगाचं नवं खोकं होऊन, ७२ पिनांच्या मोठ्या कॅसेटी घेऊन. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे यंत्र होतं ते मुख्यतः तैवान-चीनकडून आलेली फॅमिकॉमची नक्कल होती, आणि तिच्यात बसायची ती हीच छोटी जपानी मापाची कॅसेट. सीताबर्डीतून आणलेल्या, वर 'इतके इतके गेम' असं छापलेल्या आमच्या पिवळ्या कॅसेटीचं मूळ घर हे.

म्हणजे पुण्या-नागपुरातला मुलगा मारिओ आणि कॉन्ट्रा खेळला तो कंपनीने त्याचा विचार केला म्हणून नव्हे. त्याच्या गल्लीपर्यंत ते खेळ कुणीतरी परवानगी न घेता आणून पोचवले. कॉपीराइटच्या दृष्टीने ती चोरी होती आणि तिला चोरीच म्हटलं पाहिजे. पण जपानी खेळ जगात कसे पसरले हे सांगताना ती वाट वगळली तर अर्धं जगच वगळावं लागेल.

कॉन्ट्रातली ती तीस जिवांची युक्ती आठवते? वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ती कोनामी या गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये ग्रॅडियस हा खेळ फॅमिकॉमवर आणताना तपासणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे, आणि तो त्यांना फार अवघड जाई. म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही सोय करून ठेवली आणि ती खेळात तशीच राहून गेली. २०२० मध्ये ते गेले तेव्हा ब्राझीलपासून भारतापर्यंत लोकांनी ती दहा बटणं लिहून त्यांना निरोप दिला. दुकानात वरच्या मजल्यावर जुनी खेळयंत्रं मांडली आहेत. तिथे एक मेक्सिकन वडील आपल्या मुलाला हीच युक्ती शिकवत होते. मुलाचे ओठ हलत होते, पाठ करत होता.

रविवार, ओइझुमी आणि योत्सुगी

ओइझुमी-गाकुएन हे टोकियोच्या नेरिमा भागातलं साधं उपनगरी स्टेशन. उत्तरेच्या बाजूला बाहेर पडलं की मांगाकार ओसामु तेझुकांचा यंत्रमानव ॲटम, आकाशगंगेतल्या रेल्वेचे तेत्सुरो आणि मेतेल, मुष्टियोद्धा जो आणि शिंगांची लम पुतळे होऊन उभे आहेत. लोक त्यांच्या बाजूने भाजीच्या पिशव्या घेऊन जातात. या भागाचा हा मान आहे कारण तोएइ कंपनीचा स्टुडिओ इथला. जपानची पहिली पूर्ण लांबीची रंगीत ॲनिमेशन फिल्म १९५८ मध्ये याच कंपनीने केली, आणि तिची गोष्ट होती चीनमधली, पांढऱ्या नागिणीची दंतकथा. ती पाहून ॲनिमेशनच्या प्रेमात पडलेला एक विद्यार्थी पाच वर्षांनी याच कंपनीत नोकरीला लागला. त्याचं नाव हायाओ मियाझाकी.

तोएइच्या एका मालिकेबद्दल मला इथे थांबून सांगायचंय. १९७५ ची ग्रेंडायझर, एका महाकाय यंत्रमानवाची. १९७८ मध्ये ती फ्रान्स आणि इटलीत लागली आणि तिथली मुलं वेडी झाली. लेबनॉनमध्ये तिचं अरबी ध्वनिमुद्रण झालं आणि अरब जगात दोन-तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या. हे घडण्याचं कारण रोकडं होतं. युरोपात नव्या वाहिन्या निघत होत्या, मुलांसाठी तासन् तास कार्यक्रम हवे होते आणि तितके घरी तयार होत नव्हते. जपानी मालिकांचा खर्च मायदेशातच निघालेला असे, त्यामुळे त्या स्वस्तात विकणं परवडे. पण स्वस्त म्हणून घेतलेली गोष्ट चाळीस वर्षं मनात राहील याची हमी कोण देणार? ती हमी त्या गोष्टीतच होती. यंत्रमानव चालवणारा नायक म्हणजे स्वतःचा ग्रह युद्धात गमावलेला निर्वासित राजपुत्र. बैरूतच्या मुलाला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि परदेश म्हणजे फक्त पाहणारे डोळे नव्हेत. तोएइचा एक स्टुडिओ फिलिपिन्समध्ये आहे. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायचं कितीतरी काम मनिला आणि सोल इथल्या हातांनी गेली अनेक दशकं केलंय. पडद्यावर शेवटी त्यांची नावं भरभर सरकून जातात. भाचीला ती थांबवून वाचायची सवय आहे, आणि मला तिची ही सवय फार आवडते.

दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला योत्सुगीला गेलो. केइसेइ मार्गावरचं हे छोटं स्टेशन अख्खं कॅप्टन त्सुबासा या फुटबॉलवरच्या मांगाच्या चित्रांनी रंगवलंय, कारण लेखक-चित्रकार योइची ताकाहाशी इथलेच. जवळच्या बागेत त्सुबासाचा चेंडूसकट पुतळा आहे. शेजारी खरीच मुलं फुटबॉल खेळत होती आणि पुतळ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

१९८१ मध्ये ही मांगा सुरू झाली तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल लीग नव्हती. ती १९९३ मध्ये आली, आणि जपान पहिल्यांदा विश्वचषकात खेळला तो १९९८ ला. तोवर हा काल्पनिक मुलगा स्पेनमध्ये ओलिव्हर होऊन, इटलीत होली होऊन आणि अरब देशांत कॅप्टन माजिद होऊन घरोघरी पोचला होता. आंद्रेस इनिएस्ता, फर्नांडो तोरेस अशा खेळाडूंनी लहानपणी आपण तो बघायचो हे सांगितलेलं आहे. २००४ मध्ये इराकमधल्या समावा शहरात जपानी सैन्याचे पाण्याचे टँकर फिरायचे, त्यांवर मुद्दाम माजिदची चित्रं चिकटवली होती. लोकांनी बघताक्षणी ओळखावं की ही गाडी कुणाची आहे आणि कशासाठी आली आहे.

त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. टोकियोत शिकणाऱ्या एका सिरियन विद्यार्थ्याने ही मांगा अरबीत उतरवली, आणि तिच्या प्रती युद्धातून पळालेल्या सिरियन मुलांना युरोपात आणि तुर्कस्तानात वाटल्या गेल्या. भाचीने ही गोष्ट मला बागेतल्या बाकावर सांगितली. मग बराच वेळ ती त्या विद्यार्थ्याबद्दलच बोलत राहिली. तो भाषांतर कुठे बसून करत असेल, मुलांच्या तोंडची भाषा त्याला कशी सुचली असेल, पहिली छापील प्रत हातात आल्यावर त्याने कुणाला फोन केला असेल.

आपल्याकडेही एक प्रयोग झाला होता, फार थोड्यांना तो माहीत आहे. साठच्या दशकातली बेसबॉलवरची जपानची गाजलेली मालिका २०१२ मध्ये 'सूरज : द रायझिंग स्टार' या नावाने भारतात आणली गेली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई. गरीब वस्तीतला मुलगा, त्याला घाम गाळायला लावणारा बाप. कल्पना चांगली होती, पण डोरेमॉनसारखी ती घरोघरी पोचली नाही. मला वाटतं, मुलांना परक्या गावचा परका मुलगा चालतो. त्याला ओढूनताणून आपल्या गल्लीतला करावं लागत नाही, फक्त त्याचं बोलणं आपल्याला कळलं पाहिजे.

सोमवार, कावासाकी

नोबोरितो स्टेशनवर गाडी सुटताना वाजणारी धूनच डोरेमॉनची आहे. तिथून चित्रं रंगवलेली बस फुजिको एफ. फुजिओ संग्रहालयाला नेते. तिकीट आधीच घेऊन ठेवावं लागतं आणि ठरल्या वेळेलाच आत सोडतात. फुजिको एफ. फुजिओ हे हिरोशी फुजिमोतो यांचं टोपणनाव. हे गृहस्थ तोयामा भागातले, पण संसार कावासाकीत केला आणि इथूनच रोज रेल्वेने कामाला जायचे. १९९६ मध्ये ते वारले.

खालच्या मजल्यावर मूळ पानं आहेत. छापून आलेलं चित्र आणि हे कागद यांत काय फरक आहे ते समोर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. नोबिताच्या चष्म्याची गोल रेघ एका दमात ओढलेली आहे. खोडलेल्या जागी पांढरा रंग लावलाय, कडेला निळ्या पेन्सिलीच्या सूचना आहेत. पुढे त्यांचं टेबल आहे आणि त्यावर छतापर्यंत चढत गेलेली पुस्तकं. डायनोसॉर, अवकाश, रेल्वे, जगाचा इतिहास. डोरेमॉनच्या पोटाच्या खिशातून बाहेर येणाऱ्या वस्तू त्या पुस्तकांतून आल्या आहेत.

गच्चीवर ते रिकामं मैदान आणि ते तीन सिमेंटचे पाइप. आजूबाजूला जपानी मुलं होतीच, पण इंडोनेशियातलं एक कुटुंब, थायलंडच्या मुली, व्हिएतनामचं एक तरुण जोडपं असे सगळे त्या पाइपांवर बसायला रांगेत उभे होते. युरोप-अमेरिकेतले फारच कमी. याला कारण आहे. आशिया डोरेमॉनवर वाढला, अमेरिकेत मात्र तो टीव्हीवर पोचला तो थेट २०१४ मध्ये, आणि तेव्हाही नोबिताचा 'नोबी' केला, येनच्या नोटांचे डॉलर केले, काही ठिकाणी ताटातलं जेवणसुद्धा बदललं. त्याच्या कितीतरी आधी, २००५ मध्ये, तो भारतात हंगामा वाहिनीवर हिंदीत आला. त्यात नोबिता नोबिताच राहिला, शिझुका शिझुकाच. चटया अंथरलेली खोली, दाराशी काढलेल्या चपला, परीक्षेचे मार्क लपवणारा मुलगा आणि ओरडणारी आई यांतलं आपल्या मुलांना काय समजावून द्यायचं होतं?

माझ्या बहिणीच्या घरी तेव्हा तक्रार एकच होती, पोरगी हिंदीत बोलते. भाची खरोखरच आजीला 'मुझे भूख लगी है' म्हणायची. ही तक्रार फक्त मराठी घरांची नव्हती. बांगलादेशात २०१३ मध्ये सरकारने याच कारणासाठी हिंदी डोरेमॉन बंद केला, आणि पुढे तो तिथे बांगला बोलत परत आला. मला बंदी पटत नाही. पण त्यानंतर केलेलं काम पटतं.

जपानच्या परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये डोरेमॉनला ॲनिमेचा राजदूत नेमलं. संग्रहालयाच्या उपाहारगृहात पाठांतराचा पाव मिळतो, त्यावर अक्षरं उमटवलेली असतात. गोष्टीत तो खाल्ला की सगळं पाठ होतं. भाचीने जपानीच्या पुढच्या परीक्षेसाठी तो मनापासून खाल्ला.

मंगळवार, कामाकुरा

आज बरीच संग्रहालयं बंद, म्हणून एनोदेन या छोट्या गाडीने कामाकुराकोको-माए स्टेशनला गेलो. स्लॅम डंक या बास्केटबॉलच्या मालिकेच्या सुरुवातीला जे रेल्वे फाटक आणि मागचा समुद्र दिसतो, ते हे. चीन, तैवान, कोरियातून आलेले चाहते रस्त्यावर दाटीने उभे होते. गणवेशातली माणसं त्यांना रस्ता मोकळा करायला सांगत होती, वेगवेगळ्या भाषांत. फाटकाशेजारी लोकांची घरं आहेत, जवळ शाळा आहे. आपल्याला प्रिय असलेल्या जागी दुसरी माणसं रोज राहतात हे विसरू नये असं मला फार वाटलं. आम्ही एक गाडी जाऊ दिली, एक फोटो घेतला आणि एनोशिमाच्या पुलाकडे चालत निघालो. समुद्र छान होता. फुजी ढगात.

बुधवार, मिताका

मिताका स्टेशनपासून कालव्याच्या कडेने, झाडांखालून चालत गेलं की मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओचं संग्रहालय येतं. तिकीट दाराशी मिळत नाही. दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याची विक्री उघडते आणि भराभर संपते. आत जाताना हातात मिळतो तो सिनेमाच्या फिल्मचा खराखुरा छोटा तुकडा. उजेडाकडे धरला की तीन चित्रं दिसतात. फोटो काढायला बंदी आहे, आणि ती बंदी फार चांगली आहे. सगळ्यांच्या माना वर असतात.

'चित्रपटाचा जन्म होतो ती जागा' असं नाव दिलेल्या खोल्यांत चित्रकाराचं टेबल तसंच मांडलंय. पेन्सिलींचे तुकडे काचेच्या बरणीत, भिंतीवर खेटून चिकटवलेली चित्रं. एका खणात विमानांची पुस्तकं, एका खणात भाज्यांची. मियाझाकींनी ही इमारत स्वतः कल्पून काढली. त्यात ठरलेली वाट नाही, मुलांनी हरवावं म्हणूनच जिने आणि छोटे दरवाजे आहेत.

जिब्लीने परदेशाशी वागताना एक गोष्ट घट्ट धरून ठेवली. मियाझाकींची १९८४ ची नाउसिका फिल्म अमेरिकेत गेली तेव्हा वितरकांनी तिची वीसेक मिनिटं कापली आणि शांततेसाठी झटणाऱ्या मुलीच्या गोष्टीचा मारामारीचा पट करून टाकला. पुढे प्रिन्सेस मोनोनोके अमेरिकेत जायची वेळ आली तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तिथल्या वितरकाला एक जपानी तलवार दिली आणि 'नो कट्स' एवढंच म्हटलं. ती फिल्म अखंड गेली. २००२ मध्ये स्पिरिटेड अवेला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, २००३ मध्ये ऑस्कर. तीत न्हाणीघर आहे, ऐंशी लक्ष देवांचं जग आहे, नाव हिरावून घेणारी म्हातारी आहे, आणि परक्या प्रेक्षकासाठी त्यातलं काहीही सोपं केलेलं नाही.

इथे मला दूरदर्शनवरची गोष्ट सांगायची आहे. मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता यांनी १९७४ मध्ये हायडी ही स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या मुलीची मालिका केली. त्यासाठी ही मंडळी आधी स्वित्झर्लंडला जाऊन घरं, गवत, शेळ्या बघून आली. जर्मनी, स्पेन, इटलीत मुलांना ती आपलीच वाटली. त्या कामातून उभ्या राहिलेल्या निप्पॉन ॲनिमेशन कंपनीने १९८९ मध्ये मोगलीवर मालिका केली. १९९३ मध्ये ती रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची, गुलजारांचं गाणं आणि विशाल भारद्वाजांचं संगीत घेऊन. मोगलीचं जंगल म्हणजे सिवनीचं, आमच्या नागपूरहून सकाळी निघून दुपारपर्यंत पेंचमधून हिंडून यावं इतकं जवळ. विदर्भाच्या सीमेवरचं ते रान टोकियोतल्या चित्रकारांनी रंगवलं आणि आम्हाला परत पाठवलं. आणि त्यातला शेरखान बोलायचा नाना पाटेकरांच्या आवाजात! अंगावर काटा यायचा. ती मालिका जपानी आहे हे आमच्या वाड्यात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. नानांच्या आवाजाने ती आमची करून टाकली होती.

जिब्लीच्या गच्चीवर लापुता या फिल्ममधला यंत्रमानव उभा आहे, गवताच्या मधोमध. त्याच्या पायाशी भाचीला हे सांगितलं. तिने मोगली पाहिलेला नाही, तिचा जन्म नंतरचा. "मामा, म्हणजे तुमचा डोरेमॉन," ती म्हणाली.

गुरुवार, क्योतो

शिन्कान्सेन या वेगवान गाडीत भाचीने जपानच्या ॲनिमे उद्योगसंघटनेचा अहवाल उघडला. २०२३ मध्ये ॲनिमेची एकूण बाजारपेठ ३ लाख ३४ हजार कोटी येनच्या घरात गेली, आणि त्यातला १ लाख ७२ हजार कोटींचा वाटा जपानबाहेरचा. म्हणजे निम्म्याहून जास्त. दुसरीकडे मधली चित्रं काढणाऱ्या नवख्या कलाकाराला चित्रामागे मिळणारी मजुरी आजही इतकी कमी आहे की टोकियोत खोलीचं भाडं भागवणं मुश्कील होतं. जगभरच्या चाहत्यांनी या गोष्टीचा आग्रह धरला पाहिजे. पैसा आपण देतोय, तो कुठे जातो हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

दुपारी मांगा संग्रहालय. बंद पडलेल्या तात्सुइके प्राथमिक शाळेची ही इमारत, संग्रहालय म्हणून २००६ पासून उघडी. जवळपास तीन लाख वस्तू आणि पुस्तकं आहेत. त्यांतली पन्नास हजार पुस्तकं भिंतीभर लावलेली, कुणीही काढावं आणि वाचावं. लाकडी फरशी करकरते. मैदानाच्या हिरवळीवर माणसं आडवी पडून वाचतात. परदेशी भाषांतल्या मांगांचं कपाट आहे, तिथे इंडोनेशियन, थाई, फ्रेंच, पोलिश अशी पुस्तकं बघितली. मराठी शोधलं. ते तिथे नव्हतं.

संध्याकाळी कागियाचो भागात निन्तेन्दोचं जुनं मुख्यालय बघून आलो. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये हानाफुदा हे जपानी पत्ते बनवायला ही कंपनी काढली. १९३० ची ती इमारत आता हॉटेल झाली आहे, पण पत्ते बनवत असल्याची जुनी पाटी दाराशी अजून आहे. जेवणाचे जरा हाल झाले. इथे भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. शेवटी साधा भात, लोणचं आणि तोफू मिळालं, आणि ते फारच चवदार होतं.

शुक्रवार, उजी

चहाचं गाव म्हणून उजी प्रसिद्ध. गेंजीची कथा या जुन्या जपानी कादंबरीचे शेवटचे अध्याय इथे घडतात, आणि दहा येनच्या नाण्यावरचं देऊळही इथलंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये निन्तेन्दोने इथल्या आपल्या जुन्या कारखान्यात संग्रहालय उघडलं. प्रवेशासाठी महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं. आमचं नाव निघालं, म्हणून तर प्रवासाच्या तारखा याभोवती बांधल्या.

वरच्या मजल्यावर कंपनीने केलेली प्रत्येक गोष्ट मांडली आहे. पत्ते, खेळणी, आणि मग यंत्रं. शेजारी लिहिलेलं फार कमी, वस्तूच बोलतात. जपानी, अमेरिकी आणि युरोपी आवृत्त्या एकमेकींशेजारी आहेत, आणि आमच्या आवडत्या फॅमिकॉमपाशी उभं राहून हा फरक नीट बघता येतो. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता, रद्दड खेळांनी दुकानं भरली होती आणि दुकानदार 'गेम' हा शब्दसुद्धा ऐकून घेत नव्हते. म्हणून निन्तेन्दोने १९८५ मध्ये न्यूयॉर्कला जे यंत्र नेलं ते दिसायला व्हिडिओ प्लेअरसारखं, पुढून कॅसेट आत सरकवायचं, आणि सोबत एक छोटा रोबोट दिला, म्हणजे खेळणं म्हणून तरी दुकानात जागा मिळावी. जपानमधलं लाल-पांढरं खेळकर यंत्र परदेशी जाताना असं करडं झालं. आतला मारिओ मात्र तोच राहिला.

मला या सगळ्यात भावले ते गुन्पेई योकोइ. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्यांचं काम. फावल्या वेळात लांबवर पोचणारा एक खेळण्यातला हात त्यांनी केला होता, तो कंपनीप्रमुख हिरोशी यामाउचींच्या नजरेस पडला आणि १९६६ मध्ये बाजारात आला. दहा लाखांहून जास्त खपला. पुढे हातात धरून खेळायचा गेम बॉयसुद्धा त्यांच्याच गटाने केला, १९८९ मध्ये. त्यांचं म्हणणं होतं की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, पूर्ण कळलेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा वापर शोधा. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते, पण ते सेल खाऊन टाकायचे. गेम बॉयचा पडदा हिरवट करडा होता आणि चार पेन्सिल सेलवर तो पोरांचा अख्खा प्रवास काढून द्यायचा. रंगीत आवृत्तीसह तो ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकला गेला. गरीब देशातल्या मुलापर्यंत पोचायचं तर असाच विचार करणारा इंजिनियर लागतो.

तळमजल्यावर प्रत्येकाला दहा नाणी मिळतात, ती खेळांवर खर्चायची. दोघांनी मिळून चालवायचा, माणसाएवढा मोठा कंट्रोलर आहे. भाची उड्या मारायची बटणं सांभाळत होती, मी दिशा. शेजारी एक जर्मन आजोबा आणि नातू तेच करत होते. दोन्ही जोड्या जोरजोरात ओरडत होत्या, आपापल्या भाषेत, एकाच जागी.

मग नदीकडे गेलो. क्योतो ॲनिमेशन ही कंपनीही उजीचीच. तिने आपल्या कलाकारांना चित्रामागे मजुरी न देता पगारावर ठेवलं, घडवलं, आणि त्यांच्या कामात ते दिसतं. शाळेतल्या वाद्यवृंदाची तिची मालिका या पुलावर, या नदीकाठी घडते. चाहते त्या मुली बसायच्या त्याच बाकावर बसतात. १८ जुलै २०१९ ला या कंपनीच्या क्योतोतल्या स्टुडिओला आग लावण्यात आली. ३६ जण मृत्युमुखी पडले. चित्रकार, दिग्दर्शक, रंग भरणारे, कितीतरी जण विशी-तिशीतले. पाच वर्षांनी, २०२४ च्या जुलैत, उजीतल्या नदीजवळच्या उद्यानात त्यांचं स्मारक उभं केलं गेलं. त्यात वर उडणारे ३६ पक्षी आहेत.

आगीनंतर जगभरातून पैसे आले. अमेरिकेतल्या एका ॲनिमे कंपनीने काढलेल्या निधीत वीस लाख डॉलरहून जास्त जमले, जपानमधल्या खात्यात मिळून ३०० कोटी येनच्या वर रक्कम गेली. मी दिले होते, भाचीने खाऊच्या पैशातून दिले होते. ज्यांची नावं आपण फक्त शेवटच्या सरकत्या यादीत वाचली, त्यांच्यासाठी इतक्या देशांतल्या इतक्या माणसांनी काहीतरी केलं. स्मारकापाशी भाचीने नमस्कार केला, आधी आपला, मग जपानी पद्धतीने वाकून. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

शनिवार, ताकाराझुका

क्योतोहून हांक्यू रेल्वेने ताकाराझुका. ओसामु तेझुका वयाच्या पाचव्या वर्षापासून इथे वाढले, इथल्या टेकड्यांत किडे पकडत. १९९४ मध्ये उघडलेल्या त्यांच्या संग्रहालयाच्या दाराशी अग्निपक्ष्याचा पुतळा आहे. १ जानेवारी १९६३ ला त्यांची ॲटमची मालिका जपानच्या टीव्हीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी ती अमेरिकेतही दिसली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा म्हणून कमी चित्रांत काम भागवायची पद्धत त्यांनी बसवली. आजच्या कलाकारांच्या तुटपुंज्या मजुरीची मुळं तिथवर नेणारे अभ्यासक आहेत. त्यांच्या प्रेमापोटी ते झाकून ठेवायची गरज नाही.

१९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं त्यांनी गौतम बुद्धांच्या आयुष्यावर मांगा काढली. ती इंग्रजीत आपल्याकडे मिळते. कपिलवस्तूचे रस्ते, वर्णव्यवस्थेचा जाच, दुष्काळ, प्राणी, हे सगळं जपानी मुलांसमोर ठेवलेलं. आणखी एका जपानी माणसाने असंच केलं. युगो साको यांनी मुंबईच्या राम मोहन यांना सोबत घेऊन रामायणावर ॲनिमे फिल्म केली, १९९२ मध्ये ती पूर्ण झाली. हिंदीत तिच्यात रामाचा आवाज अरुण गोविलांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा. २०२५ च्या जानेवारीत ती भारतात मोठ्या पडद्यावर आली, तेव्हा आम्ही दोघांनी एकत्र बघितली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात डीमन स्लेअर या ॲनिमेची फिल्म आपल्या थिएटरांत हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागली, मराठीत नाही.

संग्रहालयाच्या तळघरात स्वतः ॲनिमेशन करून बघायची सोय आहे. भाचीने एका कावळ्याची काही चित्रं काढली. तिथल्या ताईंनी ती पडद्यावर हलवून दाखवली आणि शेजारच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या गाडीत ॲनिमे मराठीत कसं आणायचं याशिवाय आमचं बोलणं दुसऱ्या कशावर गेलंच नाही. जपानमध्ये सुरुवातीला ॲनिमेला आवाज दिले ते रंगभूमीवरच्या आणि रेडिओ नाटकांतल्या नटांनी. तशी माणसं मराठीत आहेतच. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बघाव्यात, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं काय ताकदीने बोलतात! जपानी वाचणारी मुलं पुण्यात शेकड्यांनी आहेत. ही दोन टोकं एकमेकांना भेटवायची आहेत. कंपन्यांची वाट बघायची गरज नाही, पण परवानगी मागून, रीतसर. भाचीने त्या सिरियन विद्यार्थ्याचं उदाहरण पुन्हा काढलं. एका छोट्या प्रकाशकाला लिहायच्या पत्राचा जपानी मसुदा तिने फोनवर सुरू केला, आणि नमुन्यासाठी एक प्रसंग मराठीत वाचून ध्वनिमुद्रित करायचा म्हणून आवाजांची यादी काढली. मी दोन नावं सुचवली, ती तिने लिहून घेतली. पुढे तिच्या कॉलेजच्या नाटकातली मुलं. त्यातल्या एकीला तिने ओसाकातल्या उमेदा स्टेशनवर उतरताच फोन लावला. पुण्यात तेव्हा दुपार होती, तालीम सुरू होती.